मानाची टोपी

टोपी अश्वजितच्या डोक्यावर बसली तेव्हा जागृतीच्या हातात ब्लाउजपीस होतं. पिवळं, सोनेरी काठाचं, प्लास्टिकच्या पिशवीतून न काढताच दिलेलं. पिशवीवर कुंकवाचं एक बोट उमटलं होतं. घरातल्या बायकांनी तिला आत बोलावून, पाटावर बसवून ते हातात ठेवलं होतं, आणि ती बाहेर येऊन मांडवाच्या बांबूपाशी उभी राहिली होती, आता आपलं नाव घेतील म्हणून. इकडची रीतच आहे तशी. वास्तूच्या दिवशी, पंगत बसायच्या आधी, घर उभं करणाऱ्या कारागिरांना समोर बोलावतात, खांद्यावर दुपट्टा टाकतात, डोक्यावर पांढरी टोपी ठेवतात, हातात नारळ देतात. मिस्त्री झाला, सुतार झाला, फरशीवाला झाला, नळवाला झाला. घरमालक प्रभाकरराव एकेकाचं काम माइकवरून सांगत होते आणि पाहुणे टाळ्या वाजवत होते. "आता आपले लाईटवाले," असं ते म्हणाले तशी जागृतीने पदर सारखा केला, एक पाऊल पुढे टाकलं, आणि पाहते तर प्रभाकररावांचा हात तिला ओलांडून पलीकडे गेलेला. "या ना अश्वजितभाऊ, लाजता काऊन?"

अश्वजित म्हणजे तिचा नवरा. वर्धेत ऑटो चालवतो. बटण दाबलं की दिवा लागतो, एवढी त्याची विजेशी ओळख. ऊन मरणाचं होतं आणि साडी नेसून स्कूटीवर कुठे जातेस म्हणून तो तिला सोडायला आला होता. मांडवातल्या मोठ्या कुलरसमोर शर्टाची वरची गुंडी उघडून उभा होता. हाक आली तेव्हा त्याने आधी मागे वळून पाहिलं, मग जागृतीकडे पाहिलं, आणि मग लोक पाहताहेत म्हणून गेला. टोपी लहान होती. अश्वजितचं डोकं मोठं, ती वरच्या वर टेकून राहिली. फोटोवाला म्हणाला, भाऊ, मान सरळ. कुणीतरी हसलं, कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि माइकवर प्रभाकरराव सांगू लागले की पाहा, किती साफ काम, एक वायर दिसत नाही भिंतीवर. जागृतीला वाटलं, हे आपल्याबद्दलच चाललं आहे, फक्त टोपीखालचं डोकं दुसरं आहे. संताप यायला हवा होता, तो लगेच आला नाही. आधी आलं ते हसू, आणि ते हसू तिचं तिलाच आवडलं नाही. पंगतीत अश्वजितच्या शेजारी आंजीचे बाबाराव बसले, गावी मंगल कार्यालय बांधत होते. बुंदी वाढून घेता घेता म्हणाले, "भाऊ, माह्यंबी काम तुमीच घ्या. नंबर देऊन ठेवा." आणि समोरच्या ओळीत वांग्याच्या भाजीत पोळी बुडवून बसलेल्या जागृतीने नवऱ्याला आपला नंबर सांगताना ऐकलं. त्याचा स्वतःचा नंबर. तोंडातला घास फिरत राहिला.

परत येताना ती ऑटोत मागे बसली होती, सवारीसारखी. अश्वजितने टोपी काढली नव्हती. मुद्दाम नसेल, दोन्ही हात हँडलवर होते आणि दुपारची लू डोक्याला लागू नये म्हणून असेल. पण सबंध रस्ताभर तिच्या समोर ती टोपी होती, मागून पाहिलेली, शिवणीवर थोडी उसवलेली. तिच्या मनात एक विचार आला आणि त्याने तिला दचकवलंच. ती जयभीमवाल्यांच्या घरची. लहानपणापासून तिने एका दगडाची तयारी ठेवली होती, आडनाव विचारलं की थांबणारी नजर, पाण्याचा ग्लास देताना किंचित लांब जाणारा हात, "कोणत्या वार्डातले तुमी?" हा गोड प्रश्न. त्या दगडाची ठेच लागणार नाही असे बूट तिने मनाला कधीच घालून ठेवले होते. आणि आज तो दगड आडवा आलाच नाही. अश्वजितही तिच्याच जातीचा, तिच्याच वार्डातला, आणि त्याच्या डोक्यावर प्रभाकररावांनी हसतमुखाने, दोन्ही हातांनी टोपी ठेवली होती. एवढं तर झालं म्हणून आनंद मानावा? बाप असता तर त्याने मानला असता. मग ती ठेचकाळली कशाला? दुसऱ्याच दगडाला, ज्याच्याकडे तिने कधी नीट पाहिलंच नव्हतं, कारण तो घरच्या उंबऱ्यासारखा रोजच्या पायाखालचा होता.

तिचा बाप प्रेमदास, जिनिंगमध्ये हमाली करायचा. सरकीचा वास त्याच्या अंगातून कधी गेलाच नाही. आयटीआयला वायरमनच्या वर्गात जागृती एकटी मुलगी होती आणि घरी येऊन तिने पहिल्यांदा बापाच्या खाटेच्या वर विजेचा दिवा लावला तेव्हा तो उठून बटणापाशी गेला. लावला. विझवला. पुन्हा लावला. मग बाहेर जाऊन गल्लीतल्या माणसांना हाका मारल्या, या, पाहा, पोरीनं लावला. माणसं आली, उभी राहिली, दिव्याकडे पाहून गेली. दिवा म्हणून त्यात काही विशेष नव्हतं. पण तिचं काम कुणी चारचौघांत तिचं म्हणून सांगितलं ते तेवढंच. त्यानंतर जे ऐकलं ते वेगळंच. मालक कुठे आहेत? सोबत कोणी माणूस नाही का? दुकानात ती स्विचचा बॉक्स मागायची आणि दुकानदार तिच्या मागे उभ्या असलेल्या कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारायचा, कोणत्या कंपनीचा देऊ भाऊ? शिडीवर चढली की खालचा माणूस एक तर वर पाहायचा, नाही तर असा ठरवून दुसरीकडे पाहायचा की शिडी धरणंच विसरायचा. साइटवर गड्यांना भिंतीचा आडोसा पुरतो, तिला सगळी दुपार पाणी न पिता काढावी लागते. आणि मे महिन्यात कुलर. सगळ्या वर्धेला एकाच आठवड्यात आठवतं की कुलरला हात लावला की करंट मारतो; मग जेवताना फोन, आंघोळीला गेली की फोन, आणि जाऊन पाहावं तर पाण्याची मोटर गेल्या साली जळालेली, ती कुणीतरी भाच्याने कापडाची चिंधी गुंडाळून बसवलेली. नळवाल्याने भिंतीत छिद्र पाडताना तिच्या वायरींची पाइप फोडली तरी बोल तिलाच, पेंटरने बटणावर रंग फासला तरी तिलाच. बाईनं केलं ना काम, मग असंच होणार. नळवाल्याच्या चुकीला कुणी पुरुषानं केलं ना, असं म्हणत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, पण वाकडं अंगण नेहमी हिचंच निघायचं.

आणि हे प्रभाकररावांचं घर तर तिने दोनदा केलं होतं. पुलगावच्या डेपोतून रिटायर होऊन त्यांनी लेआउटमध्ये प्लॉट घेतला, हौसेने घर बांधलं. मेन बोर्ड तिने जिन्याखाली ठेवला होता, नजरेआड, हाताशी. प्लास्टर झालं आणि नागपूरहून एक वास्तूवाला येऊन गेला. विजेचं ठाणं आग्नेयेला पाहिजे म्हणाला. आग्नेय कोपरा पडला बैठकीत, ऐन दरवाजासमोर. जागृतीने हात जोडून सांगितलं, राहू द्या जी, सगळ्या लाइनी पुन्हा ओढाव्या लागतील. प्रभाकरराव म्हणाले, घरात शांती पाहिजे बाई. मग ताजी भिंत पुन्हा चिरली, नाकातोंडात सिमेंट, केसांत सिमेंट, सगळ्या वायरी वळवून त्या कोपऱ्यात आणल्या. आता बैठकीत शिरणाऱ्याला देवाच्या फोटोआधी मेन बोर्ड दिसतो. तो तिला शेवटी आवडायला लागला होता हेही खरंच. एकेक बटण एका रेषेत, एकेका खोलीचं नाव तिच्या अक्षरात. काम संपलं त्या दिवशी ती एकटीच त्याच्यासमोर उभी राहिली होती. बापासारखं लावून विझवून पाहावं असं वाटलं, आणि तिने तसं केलंही, सगळं घर एकदा अंधार, एकदा उजेड. टोपी हवी होती ती त्यासाठी. पांढऱ्या कापडाच्या तुकड्यात काय आहे म्हणाल तर काही नाही.

संध्याकाळी अश्वजित ऑटो घेऊन स्टेशनला गेला तेव्हा खुंटीवरची टोपी तिने काढली. आरशासमोर उभी राहून डोक्यावर ठेवली. बसेना. मागे अंबाडा, पुढे भांग, टोपी मधल्या मध्ये होडीसारखी डुलायला लागली. अंबाडा सोडून पाहिला, तर केसांचा फुगारा, त्यावर ती आणखीच वर. आरशातली बाई नाटकातल्या सोंगासारखी दिसत होती, आणि जागृतीला पटकन वाटून गेलं की प्रभाकररावांचं बरोबर असेल, ही गोष्ट बायकांच्या डोक्यासाठी शिवलेलीच नाही. मग तिला राग आला. सकाळपासून वाट चुकलेला राग आता नेमका घरी आला. शिवलेली नाही म्हणजे काय? तिचे हातमोजे तिच्या मापाचे कुठे होते? ते मोठे पडतात म्हणून मनगटाला रबर लावून घालतेच ना ती? शिडी तिच्या उंचीची नव्हती, ड्रिल मशीनची मूठ तिच्या हाताची नव्हती, वायरमनच्या खाकी पँटला तिच्या कमरेला बसेल अशी शिवण नव्हती. या धंद्यातलं काहीच तिच्या मापाचं नव्हतं आणि तरी तिने ते सगळं अंगावर चढवलं होतं. आणि एका टोपीसाठी आता मापाची गोष्ट काढायची?

अश्वजित जेवायला आला तेव्हा टोपी ताटाशेजारी होती. "तुमी काऊन गेले पुढं?" तिने विचारलं. "मंग काय पळून जाऊ?" तो म्हणाला. "चारचौघात हाक मारली. नाई म्हणलं असतं तं त्यायचा अपमान झाला असता." "अन् माह्या झाला थ्याचं काय?" अश्वजित वाईट माणूस नाही. तिच्या कामाची तो टवाळी करत नाही, वायरीची भेंडोळी ऑटोत घालून पोचवून देतो, सवाऱ्यांना तिचा नंबर देतो. म्हणूनच तिच्या मनात आलेली म्हण तिने ओठाआडच ठेवली. आयत्या बिळावर नागोबा म्हणायला समोर नाग तरी हवा, हा तर बिचारा घाबरून बिळात ढकललेला. "थे तुह्यीच आहे," तो टोपी तिच्याकडे सरकवत म्हणाला. "घे ना. मी देतो." आणि तिला कळलं की हेच नको आहे. त्याने दिली तर ती त्याची होती असं होतं. "तुमच्या हातून नोको," ती म्हणाली, आणि भात वाढायला उठली.

सकाळी बाबारावांचा फोन अश्वजितच्या मोबाइलवर आला. अश्वजितने तो चटका बसल्यासारखा तिच्या हातात दिला. "बोला जी, मी जागृती. लाईटचं काम माह्यंच आहे." तिकडून बाबाराव समजूतदारपणे म्हणाले, "हो बाई, तुमी मदत करता त्यायले, ठाऊक आहे. भाऊले देजा जरा." "भाऊ ऑटो चालवतात. प्रभाकररावच्या घरची पुरी वायरिंग मी केली." तिकडे पंख्याचा आवाज, दूर कुठे बकरी. "मोठं काम आहे बाई," बाबाराव म्हणाले. "उंच शेड आहे. पाहतो मंग. सांगतो." पाहतो म्हणजे काय ते इकडच्या पोराटोरालाही समजतं. आंजीचं कार्यालय म्हणजे सगळ्या पंचक्रोशीने पाहिलं असतं, तिच्या धंद्याला पंख फुटले असते; वर्धेतल्या कुलरच्या चिंध्यांतून ती सुटली असती. ते आता गेलं. आणि ते बाई म्हणून गेलं नव्हतं नुसतं, तिच्याच कामाच्या जोरावर तिच्याच नवऱ्याला मिळून मग गेलं होतं. असं जाणं फार झोंबतं. तिने टोपी आणि दुपट्टा थैलीत भरला, वर पक्कड आणि टेस्टर टाकला, सवयीनेच, आणि स्कूटी काढली.

बैठकीत प्रभाकरराव पेपर वाचत होते. दिवाणावर त्यांची आई देवकाबाई पाय पसरून बसली होती, पंख्याच्या बरोबर खाली. "ये बाई," प्रभाकरराव म्हणाले. "काही राह्यलं का कामाचं?" "हो जी. एक गोष्ट राह्यली." तिने टोपी काढून टीपॉयवर ठेवली. "हे चुकून आमच्या घरच्यायच्या डोक्यावर गेली." प्रभाकररावांना आधी उमगलंच नाही. मग ते मोकळं हसले. "अवं, नवरा-बायकोत काय तुह्यं-माह्यं? घरात आली ना टोपी?" "मंग मिस्त्र्याची टोपी त्याच्या बायकोले द्याची होती," जागृती म्हणाली. "त्यायचंही घर एकच आहे." हसू अर्धं राहिलं. "बाईमाणसाच्या डोक्यावर टोपी कशी ठेवाची? रीत नाई थे. तुले आत पीस देल्लं ना?" "थे पाहुणीचं झालं. मी तुमच्या घरी पाहुणी म्हणून आलती का? दोन डाव भित फोडली मी हे." "लोक हसले असते बाप्पा." "मले हसले असते. तुमाले काऊन हसतीन?" आवाज तिला हवा तसाच निघत होता आणि याचं तिला फार बरं वाटलं. प्रभाकररावांनी पेपराची घडी घातली. "मंग तुह्यं म्हणणं तरी काय आहे?" "चारचौघात गेली. चारचौघात वापस पाह्यजे." "आता मी एका टोपीसाठी दुसरी वास्तू करू का?"

तिने बैठकीत इकडेतिकडे पाहिलं. चारचौघे कुठेच नव्हते, म्हातारी होती आणि पंखा होता. आणि आग्नेय कोपऱ्यात बोर्ड होता. तिने काही ठरवून केलं नाही. उठली, टोपी घेतली, दोन्ही हातांनी उघडली आणि बोर्डाच्या वरच्या कडेवर नीट बसवली. त्याला मात्र ती मापात बसली. दुपट्टा तिने सोफ्यावरच राहू दिला. बोर्डावर कापड पांघरायचं नसतं, त्याला वारा लागतो. "काम कोणी केलं थे याले ठाऊक आहे," ती म्हणाली. "यालेच राहू द्या." "हे काय चाळे लावले?" प्रभाकररावांचा चेहरा लाल झाला. "काढजो थे." "घर तुमचं, टोपी तुमची. तुमीच काढा." ते तावातावाने उठले, हात वर केला, आणि दिवाणावरून देवकाबाईचा आवाज आला. "हात नोको लावू रे परभाकर. वास्तूचा मान होय थो. देल्लेला मान घरधन्यानं आपल्या हातानं उतरवू नाई." म्हातारीला जागृतीचा कळवळा आला होता अशातला भाग नाही, तिने तर जागृतीकडे पाहिलंही नाही. तिला नव्या घराची काळजी होती. पण प्रभाकररावांचा हात तसाच वर राहिला, मग त्यांनी तो पंख्याचा रेग्युलेटर फिरवायला वापरला. शांतीसाठी भिंत फोडायला लावणारा माणूस टोपीला हात लावू शकला नाही. जागृतीने थैली खांद्याला अडकवली आणि येतो जी म्हणून निघाली. स्कूटीची सीट तव्यासारखी तापली होती आणि ती तशीच तिच्यावर बसली.

त्यानंतर काही झालं नाही. कुलर आले, चिंध्या आल्या, मालक कुठे आहेत आलं. दुपारी अंग घामाने निथळत असताना एखाद्या छताखाली हात वर करून उभी असली की तिला वाटायचं, पोरकटपणा केला. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. रात्री वाटायचं, बरं केलं. या दोन वाटण्यांची गाठ कधी पडली नाही. मध्येच प्रभाकररावांच्या सुनेचा, आकांक्षाचा, गिझर बसवायला म्हणून फोन आला आणि खरी गोष्ट तिने हळू आवाजात सांगितली. टोपी अजून तिथेच होती. येणारा प्रत्येक पाहुणा दारातच थबकून विचारायचा, हे काय? प्रभाकरराव म्हणायचे, पोरायचा खेळ. आणि दिवाणावरून म्हातारी, जिला खोटं ऐकलं की राहवत नाही, ओरडून दुरुस्त करायची, "खेळ नोहे बाप्पा. थ्या लाईटवाल्या बाईची होय थे. सारं घर तिनं केलं अन् यानं तिच्या नवऱ्याले मान देल्ला." मग पाहुणा पुढचं विचारायचा. मग पुढचं सांगावं लागायचं. प्रभाकरराव आता पाहुण्यांना मागच्या दाराने आणतात, असं सांगून आकांक्षा इतकी हसली की तिला फोन ठेवावा लागला.

जागृती मात्र हसली नाही. ती एका घराच्या गच्चीवर टाकीच्या सावलीत बसून डबा खात होती आणि तिला बापाची आठवण झाली, गल्लीत उभा राहून हाका मारणाऱ्या. या, पाहा. डोळे भरून आले आणि तिने ते येऊ दिले, गच्चीवर कोण पाहायला होतं. तेवढ्यात फोन वाजला. या वेळी तिचा स्वतःचा.

"बाई, मी बाबाराव. आंजीवाला."

"बोला."

"काल प्रभाकररावकडे गेलतो. थे टोपी पाह्यली. म्हातारीनं सारं सांगतलं. मी म्हणलं, प्रभाकररावले भ्याली नाई थे बाई शेडच्या उंचीले काय भिते. येऊन पाहून जाजा एक डाव."

"येतो जी."

"भाऊले आणान का सोबत?"

"भाऊ सोडून देतीन मले. ऑटोनं."

बाबाराव खाकरले. "अन् बाई, एक सांगून ठेवा. माह्याही इथं वास्तू राहीन, सारे लोक राहतीन. तवा तुमाले काय द्याचं थे आताच बोलून घेऊ. मागून लफडं नोको."

डब्याचं झाकण तिने घट्ट बसवलं. डोक्यावरचा रुमाल घामाने अंबाड्याला चिकटला होता, तो तिने सोडवला.

"टोपीच द्याची," जागृती म्हणाली. "पण आणताना मोठ्या नंबरची आणजा बाबाराव. मले अंबाडा आहे."